इंजिनाला पाण्याचा घोट

पेट्रोलमध्ये पाणी शिरले की गाडी आचके देते आणि बंद पडते, हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढावी म्हणून त्यात मुद्दाम पाणी फवारतात असे सांगितले, तर वर्ग हसतो. हसू द्यावे. केंब्रिजचे प्राध्यापक बर्नार्ड हॉपकिन्सन यांनी १९१३ मध्येच गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये थेट पाणी फवारून ते आतून थंड ठेवण्याची रीत मांडली होती. त्यांचेच विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी पुढे इंजिनातल्या एका जुन्या दुखण्याचा छडा लावला. ते दुखणे म्हणजे ठोका, ज्याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, ते आपण हाताने अनुभवतो. सिलिंडरमध्येही दट्ट्या वर येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाऊन तापते. मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पुढे सरकू लागते. जळायच्या राहिलेल्या मिश्रणावर दाब वाढतो, ते आणखी तापते. ज्योत पोचण्याआधीच ते आपणहून पेटले, तर इंजिनात हातोडीसारखा ठोका ऐकू येतो. असे फार काळ चालले तर दट्ट्याला भोकही पडू शकते.

टर्बोचार्जर या दुखण्यात भर घालतो. धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर फिरणारा हा पंखा जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि ताकदही जास्त. पण कोंबलेली हवा आधीच तापलेली असते. यावर उपाय तीनच. संपीडन गुणोत्तर कमी करावे, ठोका न देणारे इंधन वापरावे किंवा आत जाणारी हवा थंड करावी. दुसऱ्या उपायाच्या शोधात १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये घालायचे शिशाचे संयुग सापडले. रस्त्यावरच्या वाहनांतून ते पुरते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. एवढ्या महागात पडलेला उपाय तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळा असेल.

तिसरा उपाय पाण्याचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, मेथनॉलला साधारण २६० आणि पेट्रोलला जेमतेम ८०-९०. मग नुसते पाणीच का नको? इथे वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. एका हातावर पाण्याचा आणि दुसऱ्यावर दवाखान्यातल्या स्पिरिटचा थेंब ठेवा. स्पिरिट अधिक गार लागते, कारण ते चटकन उडते. पाणी एकूण उष्णता जास्त घेते, पण सावकाश. मिनिटाला ४,६०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या वरून खाली यायला साडेसहा मिलिसेकंदच लागतात, तिथे सावकाशपणा परवडत नाही. शिवाय मेथनॉल स्वतः जळते, सहजी ठोका देत नाही आणि पाण्याला गोठू देत नाही. निम्मेनिम्मे मिश्रण उणे ४० अंशांनाही द्रव राहते. (प्रयोगासाठी मेथनॉल मात्र वापरू नये. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, तिच्यातले विष हेच होते.)

दुसऱ्या महायुद्धात या मिश्रणाचे महत्त्व कळले. जर्मन विमानांना कोळशापासून बनवलेले ८७ ऑक्टेनचे पेट्रोल मिळे, दोस्तांकडे १०० ऑक्टेनच्या वरचे होते. ही उणीव भरून काढायला जर्मनांनी 'एम डब्ल्यू ५०' वापरले. त्यात निम्मे मेथनॉल, ४९.५ टक्के पाणी आणि अर्धा टक्का गंज रोखणारे तेल असे. एका वेळी दहा मिनिटांहून जास्त वापरायचे नाही, अशी वैमानिकांना ताकीद होती. टर्बोचार्जर असलेल्या अमेरिकी थंडरबोल्ट विमानाची शक्तीही अशाच फवाऱ्याने २,००० वरून २,३०० अश्वशक्तीवर गेली.

आम्हाला अधिक बोलकी वाटते ती १९६२ ची गोष्ट. जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी त्या वर्षी टर्बोचार्जर लावलेल्या मोटारी विकायला काढल्या. शेव्हरोलेने कॉर्वेअरचे संपीडन गुणोत्तर ८ पर्यंत उतरवले आणि प्रश्न मिटवला. ओल्डस्मोबिलने जेटफायरमध्ये ते १०.२५ ठेवले. त्यामुळे टर्बो चालत नसतानाही इंजिन चपळ राहिले आणि साडेतीन लिटरमधून २१५ अश्वशक्ती मिळाली. किंमत एवढीच की पाणी आणि मेथनॉलची वेगळी टाकी भरत राहायची. त्या द्रवाला नावही झोकदार दिले होते, 'टर्बो रॉकेट फ्लुइड'.

कागदावर आम्हीही कदाचित जेटफायरलाच कौल दिला असता. तिच्या अभियंत्यांनी विसराळू मालकाचाही विचार केला होता. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब रोखून धरी आणि इंजिन वाचे. पण मग गाडी मंद वाटे आणि मालक वैतागे. पेट्रोल पंपावर न मिळणारा द्रव लोक आठवणीने भरत नाहीत, हे कुठल्या सूत्रात बसवणार? दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबले. १९६५ मध्ये कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. बऱ्याच मालकांनी ती स्वीकारली.

विमानांत ही अडचण नव्हती, कारण तिथे टाकी भरणारा माणूस नेमलेला असतो. गोव्यात दाभोळीला असलेल्या नौदलाच्या सी हॅरियर विमानांच्या जेट इंजिनांतही उकाड्यात सरळ खाली उतरताना जोर वाढवण्यासाठी शुद्ध पाणी फवारण्याची सोय होती. ती विमाने २०१६ मध्ये निवृत्त झाली.

त्याच सुमारास बीएमडब्ल्यूने 'एम ४ जीटीएस' या मोटारीत फवारा पुन्हा आणला. पाच लिटरची टाकी मागच्या डिकीत बसवली. मेथनॉल टाळून नुसते ऊर्ध्वपातित पाणी घेतले. इंजिन बंद केले की नळ्यांतले पाणी टाकीत परत जाते, म्हणजे थंडीत नळ्यांमध्ये बर्फ धरत नाही. आणि पाणी संपले, तर संगणक टर्बोचा दाब उतरवतो. जेटफायरची झडप हेच काम करीत असे.