आदिवासींसाठी सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित आरोग्यसेवा

रुग्णाची भाषा, श्रद्धा व आत्मसन्मान जपून दिलेली प्राथमिक आरोग्यसेवा. सेवा सुरक्षित होती की नाही, हे येथे रुग्ण ठरवतो. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्स्डेन यांनी ही संकल्पना १९८० च्या दशकाअखेरीस मांडली.

महाराष्ट्रातील मोलाचा प्रयोग गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची धास्ती, पांढऱ्या कपड्यांशी जोडलेली मृत्यूची आठवण, नातेवाइकांना सोबत राहण्याची मनाई अशी कारणे पुढे आली. म्हणून संस्थेचे शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे उभारले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. उपचारांइतकीच ही मांडणीही महत्त्वाची ठरली.

भाषेचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातही आहे. तेथे आदिवासी वस्ती मुख्यतः उत्तरेस, सातपुड्यालगतच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत आढळते. तेथील निहाली भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. अशा ठिकाणी रुग्णाच्याच समाजातील आशा कार्यकर्ती व दुभाषी नसल्यास दुखण्याचे वर्णनही डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचत नाही.