झिटकू-मिटकीची जोडी

लग्नाच्या वाढदिवसाला काय द्यावे, असा प्रश्न पडला की हस्तकलेच्या प्रदर्शनात हात हमखास एका पितळी जोडीकडे वळतो. उभट अंगाचा पुरुष, शेजारी डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री, दोघांच्या अंगावर दोऱ्यासारख्या बारीक रेषांचे दागिने. ‘ही झिटकू-मिटकी, बस्तरचे लैला-मजनू,’ एवढे सांगून विक्रेता जोडी कागदात गुंडाळून देतो. कथा मात्र सहसा दुकानातच राहते.

बस्तरमध्ये ती अनेक तऱ्हांनी सांगतात. बहुतेक ठिकाणचा गाभा असा: मिटकी ही सात भावांची एकुलती बहीण. झिटकू तिच्या घरी लमसेना, म्हणजे सासरी राहून राबणारा जावई. गावात तळ्याचा बांध घालायला घेतला, पण तो टिकेना. नरबळी दिल्याशिवाय पाणी थांबणार नाही, असा कौल मिळाला आणि भावांनी झिटकूलाच बांधात गाडले. ते कळल्यावर मिटकीनेही जीव दिला. पुढे लोकांनी दोघांना देवपण दिले. तो खोडिया देव झाला, ती गपा देवी. डोक्यावरची टोपली ही तिची खूण.

म्हणजे ही जोडी मुळात पूजेची. कोंडागाव आणि आसपासचे घडवा कारागीर पिढ्यान् पिढ्या जे ओतत आले, त्यात देवगुडीत, म्हणजे गावच्या देवळात, वाहायच्या मूर्ती, नवसाचे हत्ती-घोडे, दिवे, धान्य मोजायची मापे आणि बायकांच्या पायांतले वाळे-तोडे असत. गिऱ्हाईक म्हणजे शेजारचेच गाव. तरी ही कथा जिच्यात सांगितली जाते ती हलबी बोली मराठीच्या इतकी जवळची, की भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात तिला मराठीच्याच खंडात बसवले. बस्तरचे राज्यही नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते. मराठी घरात ही जोडी अगदी परकी नव्हे.

जोडी पूजेची, मग बस्तरचा तरुण आपल्या मैत्रिणीला काय देत असे? मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने मुरिया आदिवासी आणि त्यांचे घोटुल, म्हणजे तरुण-तरुणींचे युवागृह, यांवरील १९४७च्या ग्रंथात याचे तपशील नोंदवले आहेत: फणी. घोटुलातले तरुण लाकडी फण्या स्वतः कोरत, त्यांवर नक्षी काढत आणि आवडत्या मुलीला देत. ती त्या केसांत खोवून मिरवत असे. धातू देवाला, लाकूड प्रियेला, अशी ढोबळ वाटणी म्हणता येईल.

मूर्ती घडते मेणातून. भाताचे तूस मिसळलेल्या मातीचा गाभा करून वाळवतात. मधमाश्यांच्या मेणात राळ घालून, लाकडी दाबयंत्रातून पिळून त्याचे लांब धागे काढतात आणि ते गाभ्यावर एकाला एक लावून गुंडाळतात. अंगावरच्या त्या रेषा म्हणजे हेच धागे. डोळे, हार, बांगड्या सगळे मेणाचे. त्यावर आधी अगदी मऊ मातीचा हात, मग जाड थर. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस उतरतो. हे पितळ बहुधा मोडीतल्या भांड्यांचे असते. थंड झाल्यावर साचा फोडायचा, म्हणून दुसरी मूर्ती तंतोतंत तशी होत नाही. मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी याच पद्धतीची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर मेण तोलून त्या प्रमाणात धातू घ्यायची रीतही दिली आहे. घडव्यांनी ग्रंथ वाचला नव्हता. त्यांच्याकडे हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ आले, शहरांत एम्पोरियम उघडली, परदेशांत प्रदर्शने भरली. कोंडागावचे घडवा कारागीर जयदेव बघेल राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले. देवगुडीतली जोडी दिवाणखान्यात आली, ती देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या प्रेमाची खूण म्हणून. गावचे गिऱ्हाईक स्टीलची भांडी आणि बाजारचे दागिने घेऊ लागले असताना, या नव्या मागणीने घडव्यांच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या. देवांचा बाजार मांडला, असे म्हणून नाक मुरडणे म्हणूनच अन्यायाचे आहे. या ओतकामाला ‘बस्तर ढोकरा’ या नावाने २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

घासाघीस करताना मात्र मेणाचा एकेक धागा आठवावा. रेषा हाताने लावलेल्या आहेत का, ते बोट फिरवून पाहावे; शेजारची जोडी हुबेहूब तशीच दिसली तर ती घेऊ नये. जमल्यास थेट कोंडागावच्या कारागिराकडून किंवा छत्तीसगड सरकारच्या ‘शबरी’ एम्पोरियममधून घ्यावी. आणि जिला किंवा ज्याला द्याल, तिला किंवा त्याला बांधाची गोष्टही सांगा.