रझा स्मरणप्रदर्शन, पॅरिस (२०२३)

चित्रकार सय्यद हैदर रझा (२२ फेब्रुवारी १९२२ – २३ जुलै २०१६) यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात १५ फेब्रुवारी ते १५ मे २०२३ या काळात भरलेले सिंहावलोकनी प्रदर्शन. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले; पोंपिदूतले हे प्रदर्शन मात्र त्यांच्या पश्चात भरले.

त्यांचा जन्म मंडला जिल्ह्यातील बाबरियाचा. वडील वनखात्यात होते. तेव्हा मंडला आणि चांदा (आजचे चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा) नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच मोडत; त्याही आधी गढा-मंडला आणि चांदा ही गोंडांची दोन मोठी राज्ये होती. जंगलातल्या रात्रीचे भय, त्यात माणसांची सोबत जाणवून देणारे गोंडांचे नाच, उजाडल्यावर झळाळून उठणारा आठवडी बाजार, या लहानपणच्या आठवणी रझांनी स्वतः सांगितल्या आहेत. गोंडांचा रेला नाच पाहत वाढलेल्या, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या वाचकाला त्या वेगळ्या समजावून द्याव्या लागणार नाहीत.

रझांचे लाल, पिवळे, केशरी रंग पाहणाऱ्याला आधी प्रसन्न करतात. पण या प्रसन्नतेच्या मुळाशी काळा रंग आहे. चंचल मुलाचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून शाळेतले शिक्षक नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघत बसायला लावले. तोच बिंदू पुढे काळ्या रंगात रझांच्या चित्रांचा गाभा झाला. तो वगळून पाहिले तर रझांचे रंग नुसते शोभेचे वाटतात, आणि तसे पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. देवनागरीही त्यांनी सोडली नाही: ‘माँ’ (१९८१) या चित्रात अशोक वाजपेयींच्या हिंदी कवितेची ओळ रंगवलेली आहे.

नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ शिकून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत रझांबरोबर अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे ह. अं. गाडे होते. आधुनिक भारतीय चित्रकलेतला विदर्भाचा हा वाटा फारच कमी सांगितला जातो.

रझांचे दफन मंडल्यातच, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. रझा फाउंडेशन तेथे जुलैमध्ये ‘रझा स्मृती’ भरवते. त्यात गावकरी आणि मुले छत्र्या, मातीची भांडी रंगवतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या चित्रकला शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा तरी तेथे जावे.