जात आणि काम : बॉर्डर कॉली या मेंढपाळी कुत्र्याचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी एका कुत्र्याचा इतिहास निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. राजांचा आणि लढायांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. मेंढपाळांचा क्वचितच, आणि त्यांच्या कुत्र्यांचा तर जवळजवळ नाहीच. परंतु या विषयाकडे वळण्याचे माझे खरे कारण एका मराठी शब्दात आहे. ‘जात’ हा शब्द आपण माणसालाही लावतो आणि जनावरालाही. जात जन्मावरून ठरते की कर्मावरून, हा वाद आपल्याकडे शतकानुशतके माणसांविषयी झाला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर तो एका कुत्र्याविषयी झाला, आणि तेथील मेंढपाळांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कळपाबरोबरचा प्रत्येक कुत्रा एकाच कामाचा नसतो. आपल्या दख्खनच्या माळावर धनगराचा कुत्रा हा प्रामुख्याने राखणदार असतो. लांडगा हा त्याचा शत्रू. कळप हाकण्याचे काम धनगर स्वतः करतो. ब्रिटनमध्ये परिस्थिती निराळी झाली. केंब्रिजचे विद्वान वैद्य जॉन कीझ यांनी १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असे नोंदविले आहे की, इंग्लंडात लांडगे उरलेले नसल्याने मेंढपाळाचा कुत्रा अवाढव्य असण्याचे कारण नाही. तो मध्यम बांध्याचा असून धन्याच्या आवाजावर, शिळेवर आणि हाताच्या खुणेवर मेंढ्या वळवितो. इतर देशांत मेंढ्या मेंढपाळामागून चालतात, इंग्लंडात मेंढपाळ मेंढ्यांमागून चालतो, हेही निरीक्षण त्यांचेच. लांडगा गेला तेव्हा कुत्र्याकडून बळाची अपेक्षा उरली नाही. बुद्धीची आणि आज्ञाधारकतेची अपेक्षा मात्र वाढली.

पुढे अर्थकारणाने ही अपेक्षा आणखी वाढविली. चेव्हियट डोंगरांचा सीमाप्रदेश शतकानुशतके गुरे पळविणाऱ्या टोळ्यांनी ग्रासलेला होता. १६०३ साली दोन्ही राजमुकुट एका मस्तकावर आले, आणि त्यानंतर तो हळूहळू शांत झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकरीसाठी डोंगरच्या डोंगर मेंढ्यांनी भरू लागले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात तर त्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले. कुंपण नसलेल्या त्या विस्तीर्ण उतारांवर शेकडो मेंढ्या आणि माणूस मात्र एकटा. स्वतः मेंढपाळ असलेले लेखक जेम्स हॉग (१७७०–१८३५) यांनी लिहून ठेवले आहे की, कुत्रा नसता तर कळप सांभाळावयास इतकी माणसे लागली असती, की सगळ्या कळपाच्या उत्पन्नातूनही त्यांचे पोट भरले नसते. आपला कुत्रा सिरा याने सातशे कोकरे अंधाऱ्या रात्री एकट्याने गोळा केल्याची हकीकतही त्यांनी सांगितली आहे.

यानंतर १८७३ हे साल येते. या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, आणि ९ ऑक्टोबरला वेल्समधील बाला येथे ब्रिटनमधील पहिली नोंदलेली मेंढपाळी कुत्र्यांची स्पर्धा भरली. ती जिंकली वेल्समध्ये स्थायिक झालेल्या जेम्स टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाच्या ट्वीड या कुत्र्याने.

येथून दोन वाटा फुटल्या. व्हिक्टोरिया राणीला कॉली कुत्र्यांचा लळा होता, त्यामुळे ही कुत्री आधीच सरदारांच्या दिवाणखान्यांत पोहोचली होती. प्रदर्शनांत परीक्षक डोक्याची ठेवण, केसांची झुल आणि रंग पाहत. त्यातून निमुळत्या तोंडाची, लांब केसांची देखणी कॉली तयार झाली. १९४३ च्या ‘लॅसी’ चित्रपटामुळे ती जगभर परिचित झाली. डोंगरावरचे परीक्षक मात्र वेगळेच पाहत होते. दूरवर वळसा घालून मेंढ्यांमागे जाणे, त्यांना न बिथरविता धन्याकडे आणणे, सांगितलेल्या मेंढ्या वेगळ्या काढणे आणि सगळ्यांना वाड्यात घालणे, ही त्यांची परीक्षा होती. कुत्र्याचे कान उभे आहेत की पडलेले, हे कोणी विचारले नाही.

सप्टेंबर १८९३ मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे एक पिल्लू जन्मले. बाप रॉय मनमिळाऊ, पण नजरेत जोर नसलेला. आई मेग बुजरी, पण नजर जबर. दोघांचे गुण ‘हेम्प’मध्ये नेमके जुळले. दबकणे, टक लावणे, पाठलाग करणे हा मुळात शिकारी लांडग्याचा क्रम आहे; मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातील शेवटची पायरी, मारण्याची, मागे सारली. हेम्प न भुंकता, न चावता केवळ नजरेने मेंढ्या हलवी. १९०१ साली तो मेला, तोवर त्याची दोनशेहून अधिक पिल्ले झाली होती. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी पोहोचते.

१९०६ साली स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन येथे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन केली. १९२२ मध्ये वेल्स तीत सामील झाले. सीमेचे नाव कुत्र्याला मिळाले, संस्था मात्र सीमा ओलांडून उभी राहिली. आपणा सीमाभागातील लोकांना याचे विशेष वाटावे. या संस्थेच्या वंशनोंदीत एक दार आहे. वंशावळ ठाऊक नसलेल्या कुत्र्यालाही प्रत्यक्ष काम दाखवून, गुणवत्तेवर नोंद मिळू शकते.

या वाटेवरही धोके आहेत. १९६५ चा विजेता विस्टन कॅप इतका लोकप्रिय झाला, की त्याच्या संततीची संख्या हजारांत गेली. एकाच रक्ताचा असा वारेमाप प्रसार झाला म्हणजे गुणांबरोबर दोषही पसरण्याची भीती असते. म्हणूनच डोळ्यांच्या आनुवंशिक दोषांची तपासणी तेथे महत्त्वाची ठरली. दुसरीकडे, केनेल क्लबने १९७६ मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये बॉर्डर कॉलीला प्रदर्शनाची दारे उघडली. अमेरिकेतील अनेक मेंढपाळी मालकांनी त्यास कडाडून विरोध केला. जी जात कामाने घडली ती रूपावर मोजू लागलो तर काही पिढ्यांत रूप राहील आणि काम जाईल, ही त्यांची भीती होती. आणि लॅसीच्या पूर्वजांचा इतिहास पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही.

माणसांना जनावरांची उपमा देऊन सिद्धान्त मांडू नयेत, हे मी जाणतो. कुत्र्याचा जोडा मालक ठरवितो. माणसाचे आयुष्य असे कोणी ठरवू नये, यासाठीच तर आपल्या समाजसुधारकांनी आयुष्ये वेचली. मला सुचवायचे आहे ते एवढेच : नावांची वही ठेवणारी प्रत्येक संस्था त्या वहीत काय पाहते, यावर पुढच्या पिढ्यांचे रूप अवलंबून असते. शाळेच्या रजिस्टरातही जातीचा रकाना असतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्यासारखे शिक्षक मुलाला ओळखतात ते मात्र त्या रकान्यावरून नव्हे. फळ्यावरचे गणित त्याने कसे सोडविले, यावरून. डोंगरावरच्या मेंढपाळांनी हीच दृष्टी आपल्या कुत्र्यांच्या बाबतीत शंभर वर्षांहून अधिक काळ जपली, म्हणून त्यांचा इतिहास मी आपणांपुढे ठेवला.