भंगाराच्या काट्यावरचे दप्तर

वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कापसाचे भाव लिहिले, पेढ्यांची नावे लिहिली, आगगाडी कोणत्या साली आली तेही लिहिले. परंतु ज्या हातांनी कापसाच्या बंड्यांची चाके घडविली, जिनांतील यंत्रे चालती ठेवली, रुळांचे खिळे ठोकले, त्या हातांची नोंद कोणत्या दप्तरात शोधावी? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील जुन्या बाजारांतून गेली पंधरा-सोळा वर्षे हिंडताना ह्या प्रश्नाचे एक उत्तर मला हळूहळू मिळत गेले. ते दप्तर भंगाराच्या ढिगात आहे, आणि ते रोज थोडे थोडे वितळत आहे.

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तसा थाट येथे अपेक्षू नये. अमरावतीच्या इतवाऱ्यात, अकोल्याच्या जुन्या शहरातील गल्ल्यांत, तालुक्याच्या आठवडी बाजारात किंवा 20 डिसेंबरपासून महिनाभर चालणाऱ्या बहिरमच्या यात्रेत, कोठेतरी कडेला एखादे पोते पसरलेले असते. त्यावर किल्ली हरवलेली कुलपे, सायकलची पेडले, पितळी तोट्या, फुटका स्टोव्ह, आणि ह्या साऱ्यांच्या तळाशी एखादा रंधा, एखादी पटाशी, एखादे गिरमिट. विकणाऱ्याला ते हत्यार ओळखता येत नाही असे नव्हे. परंतु तो भाव सांगतो तो लोखंडाचा. "फादर, किलोनं देतो जी. नाही तर उद्या गाडी येते, थे सारंच घेऊन जाते."

ती गाडी बहुधा जालन्याच्या वाटेला लागते. जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. शंभर वर्षांपूर्वीची पटाशी तेथे जाते आणि कोणाच्या तरी घराच्या छतातील सळई होऊन बाहेर पडते. सळई माणसाच्या घरालाच लागते, तेव्हा त्यात वाईट काही नाही. पटाशीवर जे लिहिलेले होते ते मात्र भट्टीत जाते.

हत्यारावर दोन प्रकारचे लेखन असते. पहिले कारखान्याचे. ते पोलादावर ठशाने उमटविलेले, ठसठशीत आणि वाचावयास सोपे. इंग्लंडातील शेफील्ड शहरी 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन ह्यांनी मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली आणि पुढे दीडशे वर्षे त्या शहराचे नाव हत्यारांवर जगभर फिरले. 1828 साली स्थापन झालेल्या विल्यम मार्पल्स ह्या कारखान्याचे तीन पानांचे चिन्ह पटाशीच्या मानेजवळ दिसते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टन ह्यांच्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो. स्टॅन्ले कंपनीच्या लोखंडी रंध्याच्या पोटात, पात्याच्या बैठकीमागे, कधी कधी पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या सापडतात. त्यांतील शेवटची 19 एप्रिल 1910 ही असेल तर तो रंधा त्यानंतरचा, हे निश्चित. राज्ये बदलली तीही ह्या ठशांतून कळते. 'चेकोस्लोव्हाकिया' असे कोरलेली कानस 1918 पूर्वीची असू शकत नाही. 'वेस्टर्न जर्मनी' असे लिहिलेली पक्कड दुसऱ्या महायुद्धानंतरचीच.

ही परदेशी हत्यारे वऱ्हाडात आली कशी, ह्याचे उत्तर कापसात आहे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांची दृष्टी आपल्या काळ्या मातीकडे वळली. 1867 साली आगगाडी नागपूरला पोचली. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करावयास आले. मग जिन आले, प्रेस आले. घरोघरी हातरेच्यावर सरकी काढणारी माणसे मागे पडली आणि त्यांच्या जागी एक नवाच कारागीर उभा राहिला : फिटर. त्याला पाना लागे, कानस लागे, छिन्नी लागे, नि ती सारी त्या काळी बोटीने येत.

रेल्वेची हत्यारे ओळखणे सर्वांत सोपे, कारण रेल्वे आपल्या मालावर नाव टाकल्यावाचून राहत नसे. हातोड्याच्या गालावर 'जी.आय.पी.' ही अक्षरे असतील तर तो 1951 पूर्वीचा; त्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूपांतर मध्य रेल्वेत झाले आणि ठसा 'सी.आर.' असा पडू लागला. बाणाच्या फाळासारखी खूण दिसली तर तो सरकारी अथवा लष्करी माल, बहुधा युद्ध संपल्यावर विक्रीस काढलेला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर ह्या दोन्ही दिशांना धावणारी आपली शकुंतला वाचकांना आठवत असेलच. तिचे मँचेस्टरला 1921 साली बांधलेले वाफेचे इंजिन 1994 साली निवृत्त झाले. सत्तर वर्षे ते इंजिन चालत राहिले, ह्यात ते बांधणाऱ्या इंग्रज कारखान्याचा वाटा आहेच. पण त्याचे सुटे भाग हाताने कानसून बसविणाऱ्या माणसांचा वाटा त्याहून लहान नाही. वऱ्हाडातील आपल्या जुन्या धर्मग्रामांत रेल्वेत फिटर, ड्रायव्हर आणि गार्ड म्हणून आलेल्या गोवेकर, मद्रासी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आठवणी अजून ऐकू येतात. देवळाच्या बांधणीच्या वेळी ह्याच माणसांनी सुटीच्या दिवशी आपली पेटी उघडली असेल, असे मानावयास जागा आहे.

आता दुसरे लेखन. ते मुठीवर असते, खिळ्याने कोरलेले किंवा तापलेल्या तारेने डागलेले. दोन अक्षरे, एखादा आकडा, तीन ठिपके. माझ्याजवळच्या एका पटाशीच्या मुठीवर तीन नावांची आद्याक्षरे एकाखाली एक आहेत आणि वरच्या दोहोंवर आडवी रेघ मारलेली आहे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलाकडे. की उस्तादाकडून शागिर्दाकडे? एका लाकडी खतावणीवर मोडीतील दोन अक्षरे आहेत. एका हातोड्याच्या दांड्यावर क्रूस डागलेला आहे. तो पाहून मला प्रथम आनंद झाला, हे कबूल करतो. परंतु दोन छेदणाऱ्या रेघा ही निरक्षर माणसाची सर्वांत सोपी खूण होय, तेव्हा तो कारागीर ख्रिस्तीच होता असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

मूठ स्वतःही बोलते. विलायती पटाशीची मूळ मूठ येथील उन्हाळ्यात केव्हा ना केव्हा तडकते आणि मग तिच्या जागी बाभळीची किंवा धावड्याची येते. ज्या बाजूला अंगठा टेकतो तेथे लाकूड झिजून गुळगुळीत झालेले असते. डावखुऱ्या माणसाचे हत्यार हातात घेताच कळते. कित्येक रंध्यांच्या खाचांत हळदीकुंकवाचे थर बसलेले असतात. खंडेनवमीला हत्यारे मांडून पूजण्याची आपल्या हिंदू बांधवांची चाल आहे. त्या थरांकडे पाहिले की हे हत्यार किती घरांत किती वर्षे मानाने राहिले ह्याचा अंदाज येतो. साफ करताना ते थर मी काढीत नाही.

गावठी हत्यारांवर कारखान्याचा ठसा नसतो, म्हणून हौशी लोक त्यांच्याकडे पाहत नाहीत. मला तीच अधिक मोलाची वाटतात. गावच्या लोहाराने किंवा पालावरच्या घिसाड्याने घडविलेला वाकस घ्या. ते पोलाद मोटारीच्या कमानपाट्याचे असते, नाही तर झिजलेल्या विलायती कानशीचे. कानस तापवून, ठोकून तिची पटाशी केली तरी पाठीवर दातांच्या पुसट रेघा राहून जातात. शेफील्डचे पोलाद, वऱ्हाडी ऐरणीवर दुसरा जन्म घेतलेले! असे हत्यार ओल्या लाकडात बंडीच्या धाव्यापर्यंत साऱ्या कामांना पुरले, आणि त्याची मजुरी बहुधा रोखीने न देता खळ्यावर धान्याच्या मापाने दिली गेली. म्हणूनच त्याची पावती कोठे नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नाझरेथचे लोक प्रभू येशूविषयी, हा तो सुतारच ना, असे कुत्सितपणे विचारतात. मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन'. लाकूडकाम आणि बांधकाम करणारा कारागीर, असा त्याचा व्यापक अर्थ. दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन ह्यांनी तर प्रभू नांगर आणि जू तयार करीत असे, हेही नमूद केले आहे. आपण चित्रांत संत योसेफांच्या कार्यशाळेत गुळगुळीत फळ्या आणि पांढरे छिलके पाहतो. जस्टिन ह्यांचे वर्णन वाचले की मला त्याऐवजी तिफण दिसते, वखर दिसतो, जुवाचे खिळे दिसतात. 1955 साली पोप बारावे पायस ह्यांनी 1 मे हा कामगार संत योसेफ ह्यांचा सण म्हणून ठरविला. आपल्या अमरावती धर्मप्रांताची स्थापनाही त्याच वर्षीची.

हत्यारांविषयी धर्मपरंपरेने जी काळजी दाखविली आहे ती आपण विसरलो आहोत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या नियमावलीत, मठातील सर्व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, असे कोठाराधिकाऱ्यास बजावले, आणि कोणास कोणते हत्यार दिले ह्याची यादी मठाधिपतीने ठेवावी असेही सांगितले. त्याहून कितीतरी जुना अनुवाद ग्रंथातील नियम आहे : कोणाचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. आपल्याकडील 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलमही हेच म्हणते. कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे सावकाराला जप्तीत नेता येत नाहीत.

पण भंगारवाल्याच्या काट्याला हे कलम लागू नाही. सावकार नेऊ शकत नाही ते गरज नेते. विजेचे रंधे आले, फर्निचर कारखान्यातून तयार येऊ लागले, मुलगा शहरात गेला. सुतार वारला की त्याची पेटी दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला जाते आणि बदल्यात प्लॅस्टिकची बादली येते. जिनांचेही तेच झाले. 2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनांचे आधुनिकीकरण झाले. ज्यांना ते झेपले नाही असे कित्येक जुने जिन बंद पडून लिलावात निघाले. यंत्रांची बोली लागते. फिटरची पेटी मात्र लिलावात 'इतर किरकोळ लोखंड' ह्या सदराखाली जाते.

अशा वेळी माझ्यासारख्याने ती वस्तू लोखंडाच्या भावात उचलणे न्याय्य आहे काय? फेरीवाल्याकडून घेताना मी त्याने सांगितलेल्या भावात घासाघीस करीत नाही. घरातून थेट घेण्याची वेळ आली तर प्रथम विचारतो की घरात कोणी हे वापरणार आहे काय. तसे असेल तर पटाशीला धार लावून देऊन परत येतो. चालते हत्यार फळीवर मांडून ठेवणे मला पटत नाही, मग ते कितीही जुने असो.

हा नाद एकट्या माझा नव्हे. अमेरिकेत पेन्सिल्वेनियाच्या डॉयल्सटाऊन गावी हेन्री मर्सर हे 1897 साली एका जुनेपाने विकणाऱ्याकडे गेले आणि ढिगात टाकून दिलेली हत्यारे पाहून थबकले. यंत्रयुगापूर्वीचा आपल्या देशाचा इतिहास ह्यातच आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी हजारो वस्तू जमविल्या आणि त्यांसाठी काँक्रीटचे मोठे संग्रहालय बांधले. ते 1916 मध्ये पुरे झाले. पुण्यात दिनकर केळकर ह्यांनी दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी अशा साध्या वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि 1975 साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दोघांनाही प्रथम लोक हसले असतील, अशी माझी खात्री आहे.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांना दोन गोष्टी सांगतो. गंजाला भिऊ नका. वरचा तांबूस गंज रॉकेल आणि चिंधीने निघतो, खड्डे पाडलेला गंज निघत नाही. सहाणेच्या यंत्रावर पाते धरू नका. ते निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले. आणि हत्यार घेताना ते कोणाचे होते, कोणत्या गावचे, कोणत्या कामाचे, हे त्याच जागी विचारून वहीत लिहा. उद्या विकणारा भेटला तरी त्याला आठवणार नाही.

वहीचे मोल मला एका विचित्र हत्याराने शिकविले. वीतभर लांब, लाकडी मुठीचे, तिरप्या बसविलेल्या दातेरी पात्याचे ते हत्यार मी मूर्तिजापूरकडील बाजारात घेतले होते आणि ते कशाचे हे सुतार, लोहार, चांभार, कोणालाच सांगता येईना. अखेर एका वृद्ध फिटरच्या हातात ते दिले. त्यांनी ते न विचारताच योग्य कोनात धरले आणि हवेत एक तिरपी रेघ ओढली. जिनात कापूस ओढून घेणारा चामड्याचा रूळ असतो. झिजून तो गुळगुळीत झाला की कापूस धरीत नाही, म्हणून त्यावर पुन्हा तिरप्या खाचा पाडाव्या लागतात. ते ह्या हत्याराने. खाच खोल गेली तर सरकी फुटते, उथळ राहिली तर रूळ नुसताच फिरतो, हेही त्यांनी सांगितले. मी चित्र काढले आणि त्याखाली त्यांचे नाव लिहिले. हे काम कोणत्या सालापर्यंत केले, असे विचारले तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, "साल नाही सांगता येत जी फादर. नवीन रूळ आला, त्यानंतर कापसाचे दोन हंगाम झाले, अन् मंग भोंगा बंद झाला."