मार्केरियन 421 ते नर्सी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात, जिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, तिथून तुम्ही मागे निघता. थांबता ते थेट 40 कोटी वर्षांपूर्वी, मार्केरियन 421 या दीर्घिकेच्या गाभ्याशी. इथलं कृष्णविवर वायू गिळतंय. त्याच्याजवळून एक झोत जवळपास प्रकाशाच्या वेगानं सुटलाय, नेमका आपल्या रोखानं.

झोतात शिरा. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडताहेत. त्यातले काही किरण त्याच इलेक्ट्रॉनांवर आदळतात, प्रचंड ऊर्जा घेतात आणि गॅमा किरण होऊन निघतात. मायबाप एकच. म्हणून इलेक्ट्रॉनांचा नवा लोंढा आला की दोन्ही चढतात. गॅमा बऱ्याचदा जास्तच उसळतो, कारण आदळणारेही वाढलेले असतात आणि ज्यांच्यावर आदळायचं तेही.

असा लोंढा आत्ता आलाय. त्या किरणांसोबत चला. 33 कोटी वर्षं चाललात तरी हिंगोलीचा काळा दगड अजून जन्मलेला नाही. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. परंपरेनुसार 1270 साली हिंगोलीतल्याच नर्सीत संत नामदेव जन्मले, तेव्हा तुमची साडेसातशेच्या आत प्रकाशवर्षं उरलीत. पोचल्यातच जमा!

17 फेब्रुवारी 2010. लडाखमधलं हानले, 4,270 मीटर उंची, हाडं गोठवणारी रात्र. 'हागार' या दुर्बीणसंचातल्या सात दुर्बिणी, प्रत्येकीला सात आरसे. गॅमा किरण जमिनीवर येत नाहीत. वर हवेवर आदळून कणांचा वर्षाव करतात आणि काही नॅनोसेकंद निळसर चमक उमटते. आरसे तीच टिपतात. क्ष-किरणही हवेत अडतात, त्यांच्यासाठी उपग्रह हवेत. त्या आठवड्यात भडका दोघांनीही पाहिला.

जोडी दरवेळी जमतेच असं नाही. जून 2002 मध्ये 1ईएस 1959+650 या दीर्घिकेतून गॅमा एकटाच भडकला, क्ष-किरण ढिम्म. एकाच मायबापाचा हिशेब तिथं लागेना. झोतात आणखी काही घडत असावं. मला तर जुळलेल्या दहा भडक्यांपेक्षा हा एक न जुळलेला मोलाचा वाटतो.

मार्केरियन 421 सप्तर्षीत आहे, साधारण तेराव्या प्रतीची. आठ-दहा इंची दुर्बीण असलेला कुणी ओळखीचा असेल, तर एप्रिलच्या एखाद्या अंधाऱ्या रात्री, चांगला नकाशा हाती घेऊन, तिला नक्की शोधा.