मोरा बंदरावरचा एक प्रश्न आणि युसुफ मेहेरअली

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती मुंबईत शिकते. लोकशाही आणि सामाजिक न्याय या विषयांवर अनेक देशांत काम करणाऱ्या एका गटाला स्वयंसेवक हवे आहेत. तिने अर्ज भरून ठेवला होता, पण पाठवला नव्हता. 'मामू, नाव देऊ का?' एवढंच तिने विचारलं. मागून तिच्या अम्मीचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज येत होता. 'त्याला काय विचारतेस, तो हो म्हणणारच. आपल्या नावाच्या पोरीने असल्या यादीत कशाला जायचं?'

आपाचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. यादीत नाव जाण्याची भीती काय असते, हे मुस्लीम घरात वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून फोनवर लगेच उत्तर दिलं नाही. जे सांगायचं होतं ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या भाचीचा नाही.

जानेवारी २००४ मध्ये मीही असाच एक अर्ज भरला होता. तेव्हा आम्ही उरणजवळ मोऱ्याला राहत होतो. 'जागतिक सामाजिक मंच' प्रथमच ब्राझीलबाहेर भरणार होता, तोही मुंबईत, गोरेगावच्या नेस्को मैदानावर. २००१ साली पोर्तो अलेग्रे शहरात या मंचाची सुरुवात झाली. 'दुसरं जग शक्य आहे' ही त्याची घोषणा. कॉलेजातल्या एका सरांनी स्वयंसेवकांची नावं मागितली आणि मी दिलं.

अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. गुजरातला दोन वर्षंही झाली नव्हती. २५ ऑगस्ट २००३ ला गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजारात स्फोट झाले होते. गेटवे म्हणजे आमच्या समोरचा किनारा, मध्ये फक्त खाडी. त्या दिवसांत लाँचमध्ये पिशवी घेऊन बसलं तरी माणसं वळून बघत. शेवटी अब्बा म्हणाले, 'जा. पण मोर्चात पुढे राहू नकोस आणि कुठे सही करू नकोस.'

१६ जानेवारीला पहाटे मोरा धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. गाळामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला नीट लागत नाही, हे मोऱ्याचं जुनं दुखणं. म्हणून आम्ही पाणी चढायची वाट बघत उभे होतो. ओळखीचे एक वयस्कर तांडेल होते, त्यांनी चौकशी केली. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की जगभरातून लोक येणार आहेत, अन्यायाविरुद्ध बोलणार आहेत, आणि मी तिथे स्वयंसेवक आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'चांगला हाय. पन आज सोळा जानेवारी. जगाचा न्याय करायला तू चाललास, मंग जासईला कोन जानार?'

मी हसून वेळ मारून नेली.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी १९७० पासून संपादनाखाली गेल्या. भाव नगण्य होता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील मूळचे जासईचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं, त्यामागे या पाच जणांचं रक्त आहे. दरवर्षी १६ जानेवारीला लोक जासईला हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात. २००४ साली त्या घटनेला बरोबर वीस वर्षं होत होती, आणि त्याच दिवशी मंचाचं उद्घाटन होतं.

गोरेगावला सहा दिवस मी खुर्च्या लावल्या, हेडफोन वाटले, लोकांना सभागृहांचे रस्ते दाखवले. शंभरहून जास्त देशांचे लोक आले होते, गर्दी लाखाच्या घरात होती. धुळीने घसा बसला होता आणि ढोल थांबत नव्हते. नोबेल मिळालेल्या इराणच्या शिरीन एबादींना मी तिथे ऐकलं. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले बेन बेला आले होते, आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल होत्या. पाकिस्तानच्या 'जुनून' बँडने गाणी म्हटली आणि कुणी हरकत घेतली नाही. इराकवर हल्ला होऊन वर्षही उलटलं नव्हतं, त्यामुळे इराक आणि पॅलेस्टाइन हे विषय प्रत्येक मांडवात होते. आम्हा चार-पाच मुस्लीम पोरांना मोकळी वेळ मिळाली की आमची पावलं तिकडेच वळत.

त्याच मैदानावर मच्छीमारांचे, विस्थापितांचे, दलितांचे मांडव होते. मी त्यांच्यासमोरून कितीदा तरी गेलो, आत बसलो मात्र नाही. माझ्याच तालुक्याचा प्रश्न तिथे वेगवेगळ्या भाषांतून बोलला जात होता आणि मी बगदादच्या नकाशासमोर उभा होतो. बगदादसमोर उभं राहणं चूक नव्हतं, फक्त तिथेच उभं राहणं चूक होतं. हे कळलं शेवटच्या दिवशी, २१ जानेवारीला. ऑगस्ट क्रांती मैदानावरून आझाद मैदानाकडे मोर्चा निघणार होता. मी अब्बांचा शब्द पाळून मागच्या रांगेत होतो. शेजारच्या एका पांढऱ्या केसांच्या समाजवादी कार्यकर्त्याने माझं नाव विचारलं आणि म्हणाला, 'अरे, मग तू तर मेहेरअलींच्या गावचा. या मैदानाला क्विट इंडिया हे शब्द त्यांनीच दिले.' मला हे नाव माहीतच नव्हतं. मुस्लीम असून, मुंबईच्या खाडीकाठी वाढून, बी.ए.ला इतिहास घेऊनही.

युसुफ मेहेरअली २३ सप्टेंबर १९०३ ला मुंबईत जन्मले. घराणं कच्छी व्यापाऱ्यांचं, खाऊनपिऊन सुखी. त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, पण राजकारणामुळे वकिलीची परवानगी नाकारली गेली. तरुणांच्या संघटनेला त्यांनी वाहून घेतलं. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईत उतरणार होतं. समुद्रातच होड्या नेऊन निषेध करायचा बेत पोलिसांना आधीच कळला. तेव्हा मेहेरअली आणि त्यांचे साथी हमालांचा वेष घेऊन बॅलार्ड पिअरला मोल स्टेशनात घुसले आणि 'सायमन गो बॅक' ची घोषणा दिली. लाठ्या खाल्ल्या. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना ती गोदी डाव्या हाताला लांबवर दिसते. मी वर्षानुवर्षं ती बघत आलो होतो.

१९३० च्या लढ्यात ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला आणि तिथे आगरी, कोळी, कातकरी माणसं गोळीबारात पडली. १९३४ ला काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत मेहेरअली होते. ऑगस्ट १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात जागतिक युवक परिषद भरली. पन्नासहून अधिक देशांचे तरुण आले होते, एलेनॉर रूझवेल्ट उपस्थित होत्या. स्पेनमध्ये यादवी चालू होती, चीनवर जपानने आक्रमण केलेलं होतं. तिथे भारतीय शिष्टमंडळाचं नेतृत्व मेहेरअलींनी केलं आणि पुढे ते मेक्सिकोतल्या परिषदेलाही गेले.

त्याच सुमारास, १ सप्टेंबर १९३८ ला, याच मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच गेले. त्यांची गोष्ट लिहिली ख्वाजा अहमद अब्बास यांनी आणि पडद्यावर आणली व्ही. शांताराम यांनी. देश स्वतःच गुलाम असताना ही माणसं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी निघाली होती. 'आधी आपलं बघा' असं त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल.

मेहेरअली परदेशातून परतल्यावर काय करत राहिले, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते नुसती भाषणं देत फिरले नाहीत. त्यांनी तरुणांना वाचायला लावलं. चालू विषयांवरची अभ्यासमंडळं काढली, स्वस्त पुस्तिका छापल्या, जगाच्या राजकारणाचा अभ्यासक्रमच लिहून काढला. १९४२ साली लाहोरच्या तुरुंगात असताना त्यांचं नाव मुंबईच्या महापौरपदासाठी पुढे आलं आणि ते निवडून आले. महायुद्धाचे दिवस, हवाई हल्ल्याची धास्ती. अशा वेळी शहराच्या बचावासाठी त्यांनी नागरिकांची स्वयंसेवक पथकं उभी केली. जागतिक परिषदेत बोललेला माणूस आता गल्लीतल्या बादल्या आणि वाळूचा हिशेब बघत होता. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. ऑगस्टच्या ठरावाआधी इंग्रजांना काय सांगायचं यावर खल चालू होता. तेव्हा 'क्विट इंडिया' हे दोन शब्द त्यांनी सुचवले आणि गांधीजींनी ते स्वीकारले. ९ ऑगस्टला अटक झाली. तुरुंगात हृदयविकार बळावला. २ जुलै १९५० ला ते गेले तेव्हा वयाची ४७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

या माणसाला आपण का विसरलो? देशाचा इतिहास शिकवणाऱ्यांनी विसरलं, हे खरं आहे. आपणही विसरलो, हे तितकंच खरं आहे. ते कौमचे नेते म्हणून कधी उभे राहिले नाहीत, म्हणून आपल्या मोहल्ल्यांत त्यांची जयंती होत नाही. 'आमच्यासाठी कोणी बोलत नाही' ही आपली तक्रार रास्त आहे. पण मेहेरअलींकडे बघितलं की दुसरा प्रश्न पडतो. आपण कोणाकोणासाठी बोललो?

त्यांचं नाव पुढे आमच्याच जिल्ह्यात रुजलं. पनवेलच्या पुढे गोवा महामार्गावर तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. १९६१ साली ही संस्था स्थापन झाली. डॉ. जी. जी. पारीख शेवटपर्यंत तिचा आधार होते; शंभरी पार करून २ ऑक्टोबर २०२५ ला ते गेले. आदिवासी मुलांची शाळा, दवाखाना, तेलघाणी, साबण, असं रोजचं काम तिथे चालतं. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा फाटकावरचं मुस्लीम नाव आणि आतली कातकरी मुलं बघून थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

तांडेलांचं उत्तर मात्र द्यायचं राहिलं होतं. ते द्यायची संधी नंतर आली. उरण, पेण, पनवेल तालुक्यांतल्या ४५ गावांवर 'महामुंबई सेझ' येणार होता. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखे नेते गावोगाव सभा घेत होते. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांची जनमत चाचणी घ्यावी लागली. जमीन द्यायची की नाही हे शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारलं गेलं. पुढे ते भूसंपादन बारगळलं. त्या काळात मी पत्रकं वाटली, सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून दिल्या. माझ्या घरची एक गुंठाही जमीन त्यात नव्हती. एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नाव विचारलं, ऐकलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, 'बस, चहा घे.' गोरेगावच्या सहा दिवसांत ऐकलेल्या सगळ्या भाषणांचा अर्थ मला त्या चहात लागला. जागतिक लोकशाही म्हणतात ती कुठल्यातरी गावात मतपत्रिका होऊन हातात पडते, तेव्हाच ती खरी.

तर बेटा, नाव दे. तुझ्या अम्मीची भीती खोटी नाही. म्हणून आधी त्या गटाची माहिती काढ, पैसा कुठून येतो ते विचार, जे कळत नाही त्यावर सही करू नकोस. पॅलेस्टाइनसाठी बोल, सुदानसाठी बोल, पण शेजारच्या मांडवातही बस. आणि १६ जानेवारीला सुट्टी काढ. आता उरणपर्यंत लोकल येते, पण आपण मोऱ्याच्या लाँचनेच जाऊ. तुला बॅलार्ड पिअर दाखवतो आणि तिथून पुढे जासईला नेतो. ते तांडेल आता नाहीत. असते तर त्यांना तुझी ओळख करून दिली असती. आपालाही सोबत घेऊ, ती नाही म्हणणार नाही.